एफडी मोडायच्या आधी पॉलिसी उघडा

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय. वय 44, गेल्या वर्षी मिरजेत ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, एक स्तन पूर्ण काढला, मग रेडिएशन, तेही संपून दहा महिने होत आले. आता पोटावरची कातडी-चरबी घेऊन स्तन परत बनवायचाय, पुण्यात साडेपाच लाख सांगितलेत. 6 लाखाची एफडी आहे पण ती मुलीच्या इंजिनिअरिंगची, दोन वर्षांनी लागणार. पाच लाखाची फॅमिली पॉलिसी आहे पण एजंट म्हणाला हे कॉस्मेटिक, क्लेम मिळत नाही. सासूबाई म्हणतात आता कशाला. मग एफडी मोडू का?

ताई, एजंटचं ऐकून काहीच ठरवू नका. पॉलिसीच्या पुस्तकात एक्सक्लूजनच्या यादीत Excl08 नावाचा कोड शोधा, तिथं कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीला नाही म्हटलंय, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरचं रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे गेलेला भाग परत बनवणं, या नकारातून बाहेर ठेवलंय. हे शब्द विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, आयआरडीएआयनेच ठरवून दिलेत, सगळ्या कंपन्यांना सारखे. एजंटनं अर्धीच ओळ वाचली असणार. सर्जनच्या लेटरहेडवर ‘मास्टेक्टॉमीनंतरचं (स्तन काढल्यानंतरचं) रिकन्स्ट्रक्शन’ असं स्पष्ट लिहून घ्या, जुना बायोप्सी रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड जोडा आणि अ‍ॅडमिट व्हायच्या आधी कंपनीकडून प्री-ऑथ, म्हणजे खर्चाची आगाऊ मंजुरी, लेखी मागा. नाही म्हणाले तर तेही लेखी द्या म्हणा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथं नाही जमलं तर पुण्यात विमा लोकपाल आहेत, फी लागत नाही.

रूम जपून घ्या. पॉलिसीत रूम रेंट लिमिट एक टक्का असेल तर तुमची रोजची 5,000 ची रूम झाली, 10,000 ची घेतली तर नुसता रूमचा फरक नाही, सर्जनची फी, ओटी सगळं त्याच प्रमाणात कापतात, बरेच लोक इथंच फसतात. आणि ही पॉलिसी सोडून दुसरीकडे जायचा किंवा रक्कम वाढवून लगेच वापरायचा विचार नको, वाढवलेल्या रकमेला जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

इम्प्लांट, म्हणजे आत बसवायचा कृत्रिम स्तन, स्वस्त पडतं असंही तुम्ही लिहिलंय. पहिलं बिल कमी येतं हे खरं, पण रेडिएशन झालेल्या जागी इम्प्लांटभोवती कडक आवरण धरायचा धोका बराच वाढतो आणि इम्प्लांट काय जन्मभराचं नसतं, पुढं कधीतरी बदलायची वेळ येऊ शकते म्हणजे परत ऑपरेशन परत खर्च. पोटाच्या फ्लॅपला, म्हणजे पोटाची कातडी-चरबी लावायला, ऑपरेशन मोठं, कित्येक तासांचं, पण ती आपलीच कातडी. निवड सर्जनबरोबर करा, मी फक्त म्हणतोय की दोन्हीचा पंधरा वर्षांचा हिशोब मांडा, आजचं एकच बिल बघू नका. साडेपाच लाखात निपलचं काम आणि दुसऱ्या बाजूचं मापात आणणं धरलंय का तेही विचारा, दुसऱ्या बाजूच्या पैशावरून कंपन्या वाद घालतात.

घाई मात्र काहीच नाही. हे ऑपरेशन नंतर, अगदी काही वर्षांनीही होतं, कॅन्सरच्या इलाजासारखं ते तारखेला बांधलेलं नाही. त्यामुळे पॉलिसीचं नवं वर्ष लागून रक्कम परत पूर्ण झाली की नाही बघा, आणि तारीख द्राक्षाच्या एप्रिल छाटणीची गडबड उरकल्यावर, ऑक्टोबर छाटणीच्या आधी धरा. सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नसतं, तुम्ही स्वतः बागेत राबता म्हणजे त्या दिवसांची मजुरी आणि घरात मदतीला बाई हाही खर्चच आहे, तो कुणी लिहीत नाही.

सासूबाईंबद्दल एवढंच, नको वाटलं तर न करणंही ठीक आहे, ब्रामध्ये घालायचे सिलिकॉनचे पॅड काही हजारात मिळतात. पण ते तुम्हाला वाटलं पाहिजे.

क्लेम पास होऊन वर लाख-सव्वा लाख कमी पडले तर एफडी न मोडता तिच्यावरच बँकेतून ओडी (ओव्हरड्राफ्ट, एफडी तारण ठेवून उचल) काढा, व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लागतं, बेदाण्याचा सौदा झाला की भरून टाका. क्लेम अजिबात नाही मिळाला तर साडेपाच लाखासाठी एफडीला आत्ता हात लावू नका, लोकपालाचा निकाल येईपर्यंत थांबा.