पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात सहा महिने ज्युनिअर वकील आहे, सर फक्त तारखा घ्यायला पाठवतात. सोडू का?

एवढ्यात सोडू नका. आधी एखाद्या दाव्यातली कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) किंवा मनाई अर्जावरचं म्हणणं स्वतः कच्चं लिहून सरांपुढे ठेवा आणि तपासून मागा. मी याच कोर्टात दिवाणी बाजूला काम करतो. न मागता ज्युनिअरच्या हाती मसुदा येत नाही, हे इथलं नेहमीचंच. तारखेला गेलात तरी फाईलमधला रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद) पहिल्या तारखेपासून वाचा. दावा कुठे आणि का अडकलाय, ते तिथेच कळतं. आपल्या दाव्याचा पुकारा होईपर्यंत शेजारच्या कोर्टात उलटतपासणी ऐकत बसा (बाररूममधल्या चहापेक्षा बरं). पैशांचं म्हणाल, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागातल्या ज्युनिअरला दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलंय. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून ते सरांच्या तोंडावर फेकू नका, महिन्याला किती देणार एवढं सरळ विचारा. मात्र तुमचे तीन-चार मसुदे कुणी उघडूनही पाहिले नाहीत, तर खुशाल दुसरं ऑफिस शोधा.