वयात आलेल्या मुलांसोबत रात्री एकत्र जेवल्यानं खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सोळाचा, मुलगी चौदाची, दोघंही ताट घेऊन आपापल्या खोलीत जातात. सासूबाई रोज म्हणतात, सगळ्यांनी मिळून बसा. यात खरंच काही आहे की नुसती जुनी सवय, असं तुम्हाला विचारायचंय.

आहे. पण ताटं शेजारी मांडली की झालं, इतकं सोपं नाही. मी स्वतः ते आधी चुकीचं केलंय, म्हणून सांगतो.

मी बेळगावात वडगावला राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे. एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक आठवडा दुपारी तीन ते रात्री अकरा. सकाळची शिफ्ट असली की रात्री सगळ्यांसोबत जेवायला मिळायचं, आणि त्या जेवणाचं मी कोर्ट करून ठेवलं होतं. टेस्टमध्ये किती पडले, मोबाईल किती वेळ बघितलास, समोरच्यांचा पोरगा बघ. माझं पोरगं तीन मिनिटांत आमटी-भात गिळून उठायचं. मला वाटायचं, चला, बापाचं कर्तव्य झालं.

इथं रस्त्यात कानडी माणूस भेटला तर 'ऊटा आतेनरी' विचारतो, मराठी भेटला तर 'जेवण झालं काय'. अख्ख्या गावाच्या जेवणाची चौकशी आम्ही करतो, आणि घरातलं पोर जेवलं की नाही ते मोरीतल्या ताटावरून कळतं.

मला अक्कल आली ती दुपारच्या शिफ्टच्या आठवड्यात. थोरली तेव्हा दहावीला होती, प्रिपरेटरी म्हणजे बोर्डाआधीची सराव परीक्षा तोंडावर. मी सव्वाअकराला घरी यायचो. बायको झोपलेली, ताट झाकून ठेवलेलं. लेक अभ्यासाला जागी असायची, ती आमटी गरम करून द्यायची आणि समोर बसायची. स्वतः जेवलेली असायची, पण माझ्या भाकरीचा तुकडा मोडून शेंगाचटणीला लावून खात बसायची. मी दमलेला, त्यामुळं प्रश्न विचारायचं त्राण नसायचं. "आज आमटीत मीठ कुणी घातलं?" एवढंच. असे चार-पाच दिवस गेले. मग एका रात्री ताटाकडंच बघत म्हणाली, "पप्पा, मी दोन आठवडे ट्यूशनला गेले नाही."

घास हातातच राहिला. नेहमीचा मी असतो तर तिथंच भडकलो असतो. पण तोंडात भाकरी होती, ती चावून गिळेपर्यंत तिनं पुढचं सांगितलं: एक पोरगा रोज सायकलवरून मागं यायचा. दोन आठवडे हे ती एकटीच घेऊन फिरत होती. ट्यूशनची वेळ बदलली, पहिले काही दिवस बायको सोबत जायला लागली, विषय मिटला. पण मी बरेच दिवस विचार करत होतो, की हे मी तिला रविवारी हॉलमध्ये समोर बसवून विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं काय? नाही. ताटावर हाताला काम असतं, नजर खाली असली तरी चालते, मध्ये गप्प बसलं तरी कुणाला विचित्र वाटत नाही. या वयाच्या पोरांना असंच बोलता येतं.

ती लेक आता बीएला आहे, मानसशास्त्र घेतलंय. सेमिनारसाठी तिनं याच विषयावरचे पेपर काढले होते, ते जेवताना आम्हाला सांगितले. अमेरिकेत मिनेसोटाच्या शाळांमधल्या ४,७४६ मुलांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. जी मुलं घरच्यांसोबत जास्त वेळा जेवायची, त्यांच्यात सिगारेट, दारू, गांजा कमी, मार्क कमी पडण्याचं प्रमाण कमी, उदासपणा आणि जीव देण्याचे विचारही कमी. निपाणीच्या तंबाखूवर जगलेल्या आपल्या भागात ही तंबाखूची ओळ मी दोनदा वाचायला लावली. कॅनडातल्या ११ ते १५ वयाच्या २६,०६९ मुलांचा अभ्यास २०१३ चा. तिथंही एकत्र जेवणं जास्त तशी मुलं जास्त समाधानी, आणि त्याचं एक कारण म्हणजे आईबापाशी होणारं बोलणं.

आता दुसरी बाजू. एकत्र जेवणारी घरं मुळातच जरा बरी चाललेली असतात, मग गुण जेवणाचा की घराचा? केली म्युसिक आणि ॲन मायर या दोघी अभ्यासकांनी २०१२ मध्ये नेमकं हेच तपासलं. घरातल्या बाकीच्या गोष्टी हिशेबात धरल्या की जेवणाचा फायदा बराच आक्रसतो, आणि मुलं मोठी झाल्यावर तो फारसा टिकूनही राहत नाही. २०१४ मध्ये त्यांनीच पुढं दाखवलं की आईबापाशी नातं चांगलं असेल तिथं एकत्र जेवण्याचा उपयोग दिसतो, बिघडलेलं असेल तिथं फारसा नाही. लेक हे सांगत होती तेव्हा धाकटा माझ्याकडं बघून हसत होता. माझं कोर्ट त्यानंच भोगलेलं.

म्हणून माझं मत असं, की आठवड्यात किती वेळा बसलो ते मोजत बसू नका. आमच्याकडं नियम एकच आहे, ताटावर मार्कांचा विषय नाही.

आणखी एक. आमच्याकडं आधी 'एकत्र जेवण' म्हणजे मी आणि पोरं पाटावर, बायको तव्यापाशी असायची. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे हा आपल्या भागाचा हट्टच की. एक दिवस बायको म्हणाली, मीपण बसणार. आता ती आधीच भाकऱ्या करून फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवते. मऊ राहतात, पण तव्यावरच्या फुगलेल्या भाकरीची मजा गेली ती गेलीच. मी महिनाभर कुरकुर केली. तुमच्या घरी तव्यापाशी कोण असतं, ते आधी बघा.

सासूबाईंना मात्र पंगतीत घ्याच. माझी आई तरुणपणी मागवाल्यांकडं, म्हणजे विणकरांकडं, सुताच्या कांड्या भरायला जायची. धाकटा इंग्रजी माध्यमातला, धोटा, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडं नेतो तो, काय असतो हे त्याला तिच्याकडूनच कळलं, आमटीच्या वाटीवरून बोट फिरवत तिनं दाखवलं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी मुलांना घराण्याची किती माहिती आहे ते बघायला २० प्रश्न काढले होते. ज्यांना जास्त माहिती, त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त दिसला. ती माहिती पोरांना आजीशिवाय कोण देणार?

सुरुवात करायची तर एकदम रोजचा फतवा काढू नका, पोरं बिथरतात. आठवड्यातल्या दोन रात्री धरा, शिफ्ट किंवा क्लास असेल तर सकाळचा नाष्टा धरा. पोरगा पहिले काही दिवस तोंड उघडणार नाही. नाही बोलला तर नाही.

आणि मोबाईल सगळ्यांचे फ्रीजवर ठेवा, तुमचाही. आमच्याकडं पहिल्या आठवड्यात ताटावरून सगळ्यात जास्त वेळा उठलो तो मीच. कंपनीच्या ग्रुपवर शिफ्टचा मेसेज आला असेल म्हणून.