दीडशे डॉलरचा प्रायमरचा डबा घ्यावा का?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. गन शोमध्ये (बंदुकांच्या जत्रेत) एक जण हजार स्मॉल पिस्टल प्रायमरचे (काडतुसाच्या बुडाशी बसणाऱ्या, ठिणगी पाडणाऱ्या टिकल्यांचे) १५० डॉलर मागतोय, व्हारगेट या रायफलच्या पावडरच्या एक पौंडी बाटलीचे १२०, आणि घ्यावं की नाही ते तुला ठरवता येत नाहीये. फोनवर हो-नाही सांगून मोकळा झालो असतो. पण तू रीलोडिंगमध्ये, म्हणजे घरी काडतुसं भरण्यात, नवीन आहेस, हा पेच पुन्हा येणारच, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे भाव असे का चढतात ते समजून घे. अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावं चारच: सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. तयार काडतुसांना मागणी वाढली की हे कारखाने आपले प्रायमर आधी आपल्याच काडतुसांत घालतात. उरलेले आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतात. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, नवे कायदे येणार या भीतीने लोकांनी दुकानं रिकामी केली आणि पॉइंट टू टूची साधी काडतुसंसुद्धा पुढे कितीतरी महिने मिळेनात. २०२० मध्ये त्याहून मोठी लाट आली. एका वर्षात ८० लाखांहून जास्त लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली असा या उद्योगाच्या संघटनेचा अंदाज होता. नेमकी त्याच जुलैत रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. तिचा आर्कन्सामधला काडतुसांचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने घेतला, आणि सीसीआय व फेडरल आधीपासून तिचेच होते. त्याआधी ३०-३५ डॉलरला मिळणारे हजार प्रायमर २०२१ मध्ये लोक आपसांत १५०-२०० डॉलरला विकत होते. नंतर भाव उतरले, पण ३० वर परत आले नाहीत. दुकानात ७०-८० च्या आसपास मिळाले तर ठीक समज. जुन्या भावाची वाट बघत बसू नकोस.

पावडरचं दुखणं वेगळं. तिचा मूळ माल नायट्रोसेल्युलोज. युक्रेन युद्धामुळे तोफगोळ्यांसाठी त्याला जगभर मागणी वाढली. त्यात व्हारगेट हॉजडन या अमेरिकन कंपनीच्या नावाने विकली जात असली तरी बनते ऑस्ट्रेलियात, मुलवालाच्या कारखान्यात. तिथलं वेळापत्रक बदललं की इथे टेक्सासात फळी रिकामी.

आता हिशोब. डब्याची किंमत बघू नकोस, एका गोळीमागे किती पडतात ते बघ, आणि ती गोळी कशासाठी आहे तेही.

तुझी थ्री-ओ-एट रायफल घे. एका पौंडात ७,००० ग्रेन (पावडर याच मापात मोजतात). एका काडतुसाला ४४ ग्रेन धरले (हा आकडा फक्त हिशोबासाठी, भरताना तुझ्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा) तर एका बाटलीत साधारण १५९ काडतुसं. बाटली ५० डॉलरची असेल तर गोळीमागे ३१ सेंट, १२० ची असेल तर ७५. फरक ४४ सेंटचा. हरणाच्या हंगामात स्कोपचा नेम जुळवण्यापासून सगळं धरून ४० गोळ्या लागल्या, तर जास्तीचे १८ डॉलरसुद्धा होत नाहीत. तुझ्या रायफलला जमलेला लोड (पावडर आणि बुलेटचा मेळ) सोडून नवा शोधण्यात याहून जास्त पैसे आणि दोन-तीन रविवार जातील. तेव्हा शिकारीपुरती एक सीलबंद बाटली अव्वाच्या सव्वा भावाने घेतलीस तरी मी तुला वेडा म्हणणार नाही. तीच पावडर वर्षाला २,००० गोळ्यांच्या सरावासाठी घेतलीस, तर ८८० डॉलर निव्वळ टंचाईच्या नावाने गेले.

तुझ्या पिस्तुलाच्या नाइन एमएम काडतुसाचं गणित याच्या उलट. दीडशेचा डबा म्हणजे गोळीमागे १५ सेंट नुसत्या प्रायमरचे. बुलेटचे (पुढच्या टोकाचे) नऊ-दहा, पावडरचे दोन. केस (पितळी नळकांडं) फुकट धरली तरी २७ सेंट झाले. जवळपास तेवढ्यातच कारखान्याचं नवं काडतूस मिळतं, आणि वर रिकामी केस हातात राहते. २०२१ च्या सुरुवातीला तेच काडतूस ७०-८० सेंटला होतं, तेव्हा १५ सेंटचा प्रायमर घेणारा शहाणा होता. आज तोच भाव देणं चुकीचं. तेव्हा प्रायमर नको. तयार काडतुसं घे, केसेस जपून ठेव, आणि घरी रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगरचा सराव वाढव.

मला खरी काळजी पैशांची नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि टंचाईत माणूस हाताला लागेल ते वापरायला बघतो. त्या विक्रेत्याकडे उघडी, अर्धी बाटली स्वस्तात आहे असं तू लिहिलंस. ती फुकट दिली तरी घेऊ नकोस. व्हारगेट, एच ४३५०, आयएमआर ४०६४, सगळ्यांचे दाणे काळपट, बारीक कांड्यांसारखे. तळहातावर घेऊन कितीही निरखलंस तरी ओळखता यायचे नाहीत. बाटलीत नक्की काय आहे हे फक्त आतलं सील सांगतं. नळीत आणि चेंबरमध्ये जो दाब तयार होतो, त्याच्यापासून तुझा चेहरा वीतभर अंतरावर असतो रे.

प्रायमरचंही तेच. स्मॉल पिस्टल मिळत नाही म्हणून स्मॉल रायफल, साधा नाही म्हणून मॅग्नम (जास्त जोराचा), अशी अदलाबदल मनाने करायची नाही. स्मॉल रायफल आणि स्मॉल पिस्टल मापाला सारखेच असतात, खाचेत आरामात बसतात, पण रायफलच्या प्रायमरची वाटी जाड असते. मॅग्नमने दाब वाढू शकतो. कुठलाही घटक बदलला की मॅन्युअल उघडायचं आणि खालच्या मापापासून पुन्हा सुरुवात करायची. आणि कुणी बरणीत सुटे प्रायमर भरून विकत असेल तर तिथून लांब हो. एक उडाला की सगळी बरणी उडते. कारखाना ते ट्रेमध्ये वेगवेगळ्या खोबणीत ठेवतो ते याचसाठी.

दुकानात माणशी एकच डबा देतात, म्हणून रूममेटला रांगेत उभं करायचा विचार आहे म्हणालास. तो एच-वन बीवर आहे ना? मग नको. इथल्या केंद्रीय कायद्यात प्रायमर, पावडर, केस, बुलेट हे सुटे भागसुद्धा 'अम्युनिशन'च धरले जातात, आणि व्हिसावर असलेल्या माणसाने ते जवळ बाळगणं गुन्हा ठरू शकतं. शिकारीच्या वैध परवान्यासारखे अपवाद आहेत, पण त्याच्याकडे तो नाही. तुला ग्रीन कार्ड आहे, त्याला नाही. एका डब्यासाठी त्याचं इथलं भवितव्य टांगणीला लावू नकोस. पुण्याला जाशील तेव्हा रेंजवर नेतोस ती बॅग घेऊ नकोस. तिच्या कप्प्यात राहिलेल्या एका काडतुसापायी विमानतळावर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो.

माल मिळवायचा सरळ रस्ता असा. क्लबातले तीन-चार जण मिळून ऑनलाइन मागवा. हॅझमॅटचं (धोकादायक मालाचं) शुल्क खोक्यामागे लागतं, ते वाटून घेतलं की बोचत नाही. जी वेबसाइट टंचाईतही सगळं आहे म्हणते, तेही स्वस्तात, आणि पैसे झेलनेच (थेट बँक खात्यात) पाठवा म्हणते, ती फसवी समज. भाव बरा असेल तेव्हा वर्षभर पुरेल एवढं घे. त्याहून जास्त नको. घरात जाड लाकडी पेटीशिवाय ठेवायला २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर ही अग्निसुरक्षेच्या मानकातली मर्यादा आहे, तीही मूळ डब्यांतच. आणि साठवून दुप्पट भावाने विकायचा मोह झाला तर उद्या त्या टेबलापाशी तुझ्यासारखाच एखादा नवखा पोरगा उभा असेल हे लक्षात घे. मला तो धंदा पटत नाही, आणि तू तो करू नयेस असं मनापासून वाटतं.

तर उत्तर असं: प्रायमर नको, उघडी बाटली नको. सीलबंद व्हारगेट शिकारीपुरती हवीच असेल तर सील आणि लॉट नंबर बघून एकच घे, आणि आधी १०० ला देतो का विचार.

शनिवारी घरी ये. माझ्याकडच्या डब्यातले स्मॉल पिस्टल प्रायमरचे दोन ट्रे तुला देतो, महिनाभराच्या मॅचेस निघतील. दुकानात नेहमीच्या भावाने मिळाले की परत आणून दे. येताना तुझी लोडिंगची वही आण, मागच्या महिन्यातले आकडे मला बघायचेत.

तुझा,
काका