मुलीचा गुडघ्याचा प्रकल्प आणि पुढचे शिक्षण

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आजीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिने मांडीवर आणि नडगीवर एकेक मोशन सेन्सर बांधून चालताना गुडघा किती वाकतो हे मोजायला सुरुवात केली, आणि आता कॅम्पसमधून मिळू शकणारी आयटीची नोकरी सोडून याच विषयात पुढे शिकण्याचा तिचा आग्रह आहे. याला भविष्य आहे का, असे आपण विचारले आहे.

आपण सोबत पाठवलेला तिचा आलेख मी बारकाईने पाहिला. टाच टेकल्यावर गुडघा साधारण १५ ते २० अंश वाकतो, मग जवळजवळ सरळ होतो आणि पाऊल उचलून पुढे नेताना ६० अंशांच्या आसपास जातो. निरोगी चालीचा हा आकार तिच्या पहिल्या काही पावलांत स्पष्ट दिसतो. पुढे मात्र संपूर्ण रेषा हळूहळू वर सरकत गेली आहे. तिने समासात ‘पट्टा घसरला?’ असे लिहिले आहे. शंका रास्त आहे, परंतु पट्टा घसरला असता तर रेषेने बहुधा एकदम उडी घेतली असती. सावकाश चढणारी रेषा मोशन सेन्सरमधल्या जायरोस्कोपच्या स्थिर त्रुटीकडे बोट दाखवते: हा भाग कोन नव्हे, तर फिरण्याचा वेग मोजतो, आणि त्या वेगाची बेरीज करत कोन काढताना सेकंदाला केवळ ०.१ अंशाची चूकही मिनिटभरात ६ अंशांवर जाते. त्यातलाच दुसरा भाग, म्हणजे त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर, गुरुत्वाकर्षणाची दिशा दाखवून ही चूक आवरतो. पण टाच आपटते त्या क्षणी त्याचाच गोंधळ उडतो, म्हणून कालमन फिल्टरसारख्या गणिती पद्धतीने, ज्या वेळी ज्याचा भरवसा जास्त त्याला अधिक वजन देत, दोघांचा मेळ घालावा लागतो. सेन्सरचा अक्ष गुडघ्याच्या अक्षाशी जुळवणे आणि मांडीचे स्नायू हलल्यामुळे येणारी चूक ओळखणे ही कामे त्याहून अवघड आहेत.

बिघडलेला भाग कापून न टाकता तिने त्याच्याजवळ प्रश्नचिन्ह काढले, ही बाब मला गुणपत्रिकेइतकीच महत्त्वाची वाटते.

आता नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. केवळ चाल मोजण्याच्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत आणि त्या भरवशावर निर्णय घेऊ नये. मात्र सिग्नल प्रोसेसिंग (सेन्सरच्या नोंदींतून अर्थ काढणे) आणि एम्बेडेड प्रणाली (उपकरणात बसवलेले छोटे संगणक) यांचे हेच ज्ञान पुण्यातील वाहन-इलेक्ट्रॉनिक्समध्येही चालते, आणि वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू झाल्यापासून उपकरणांची चाचणी व कागदपत्रे सांभाळणाऱ्या अभियंत्यांची गरजही निर्माण झाली आहे. म्हणूनच तिने आहे ती शाखा पूर्ण करावी आणि विशेष अभ्यास पदव्युत्तर पातळीवर करावा. आयआयटी मुंबईत बायोमेडिकल इंजिनीअरिंगचे, म्हणजे वैद्यकासाठीच्या अभियांत्रिकीचे, एम.टेक. करता येते. गेट या एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे आणि तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही गेट देऊ शकतात. गेटमार्गे एम.टेक.ला प्रवेश मिळून शिष्यवृत्ती लागू झाल्यास दरमहा १२,४०० रुपये मिळतात, त्यामुळे सारा भार आपल्यावर पडेलच असे नाही. कोणी खाजगी संस्था ‘वेअरेबल टेक्नॉलॉजी’च्या (अंगावर बांधायच्या उपकरणांच्या) सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रासाठी मोठी रक्कम मागत असेल, तर ती देऊ नये.

कॅम्पस मुलाखतींना तिने जरूर बसावे. हाती आलेली नोकरी नाकारण्याचा प्रश्न गेटच्या निकालानंतर सोडवता येईल.

तोवर तिने एखाद्या फिजिओथेरपिस्टची वेळ घ्यावी. खुर्चीवर बसून ३०, ६० आणि ९० अंशांवर गोनिओमीटरचे (सांध्याचा कोन मोजण्याच्या साधनाचे) माप आणि सेन्सरचा आकडा शेजारी शेजारी नोंदवावा, पट्टा सोडून पुन्हा बांधून तेच मोजावे आणि दोन वेळांतील फरक प्रकल्प-अहवालात छापावा. चालतानाची अचूकता एवढ्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी अंगावर परावर्तक खुणा लावून कॅमेऱ्यांनी हालचाल टिपणाऱ्या प्रयोगशाळेशी तुलना करावी लागते. हेही तिने अहवालात लिहावे, कारण एम.टेक.च्या मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा तोच येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक