सहा वर्षं जुनी गाडी घेतोय, डीलर एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारतोय. घ्यावी का?

साधी पेट्रोल, मॅन्युअल गिअरची असेल तर मी घेणार नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आधी बोंबलतो तो क्लच. आणि क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी हे झिजणारे भाग म्हणून वॉरंटीतून सहसा वगळलेलेच असतात. मग पैसे कशाचे मोजायचे?

टर्बो डिझेल किंवा ऑटोमॅटिक असेल तर मात्र विचार करा. टर्बो, इंजेक्टर, गिअरबॉक्स यांतलं एक जरी गेलं तरी खिसा रिकामा होतो. पण एका क्लेमची कमाल मर्यादा किती आणि सर्व्हिसिंग त्यांच्याच वर्कशॉपला करायची अट आहे का, हे सहीआधी वाचा. नाना पेठेतून पार्ट आणून ओळखीच्या मेकॅनिककडून बसवणारे असाल (मी त्यातलाच), तर ती अट मोडलीच म्हणून समजा.