तळ्यात सारखा बुड्या मारणारा, बदकाच्या पिल्लाएवढा पक्षी कोणता? त्याची नावं कशी पडली?

ती टिबुकली, बदकाचं पिल्लू नाही आणि बदकाची कुणी लागतही नाही. डीएनए तपासल्यावर कळलं की तिचे सगळ्यात जवळचे नातेवाईक चक्क फ्लेमिंगो म्हणजे रोहित पक्षी, दिसण्यावरून कुणी म्हणेल का!

नावांचं म्हणाल तर जवळपास सगळी त्या बुडीवरूनच आलीत. हिंदीत पनडुब्बी म्हणतात, आणि पाणबुडीलाही तिकडे तोच शब्द आहे. इंग्रजीत डॅबचिक, पूर्वी डॅपचिक किंवा डॉपचिक असंही लिहायचे, त्यातला पहिला भाग डिप, डाइव्ह या शब्दांच्या कुळातला म्हणजे बुडी मारणं, आणि चिक म्हणजे पिल्लू, कारण पक्षीच जेमतेम पाऊण फूट. शास्त्रीय नाव टॅकिबॅप्टस रुफिकॉलिस, ग्रीकमध्ये टॅकिस म्हणजे वेगवान आणि बॅप्टो म्हणजे बुडणं, तर लॅटिन रुफिकॉलिस म्हणजे तांबड्या मानेची. पण ही तांबडी मान विणीच्या हंगामातच दिसते हं, एरवी फिकट मातकट, त्यामुळे हिवाळ्यात बघून गोंधळू नका.

बुडी इतकी भारी जमते कारण पाय शरीराच्या अगदी मागे असतात, म्हणूनच जमिनीवर मात्र धड चालता येत नाही बिचारीला.