कोबे एका दिवसात पायी : डोंगराकडून समुद्राकडे

ओसाकाला मुक्काम, एक दिवस मोकळा, सोबत पासष्टीचे आई-बाबा, जेवण शाकाहारी आणि कोबे पायी बघायचंय, जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल, अगदी छान जमेल. माझं एकच ऐका : सुरुवात डोंगरापाशी करा आणि संध्याकाळी समुद्रावर पोहोचा. उलटं करू नका.

कोबे म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. उत्तरेला रोक्को डोंगर, दक्षिणेला बंदर, आणि मधलं सगळं शहर उतारावर. त्यामुळे इथे दिशा सांगताना लोक ‘यामागावा’ म्हणतात, म्हणजे डोंगराच्या अंगाला, किंवा ‘उमिगावा’, म्हणजे समुद्राच्या अंगाला. वरची आळी, खालची आळी म्हणणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मोबाइलवरचा नकाशा बंद पडला तरी डोंगर पाठीशी ठेवून चालत राहा, बंदरावरच पोहोचाल.

मी आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा बंदरापासून सुरुवात केली होती. जुलै महिना, दुपारचे दोन, आणि समोर डोंगरउतारावरच्या कितानो भागाचा चढ. अर्ध्या वाटेत आई एका दगडी कठड्यावर टेकली, पदराने मान पुसली आणि म्हणाली, “तू बघून ये, मी बसते इथेच.” तिला मी एवढं लांब आणलं आणि बघायचं ते वरच राहिलं, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या खेपेला एप्रिलमध्ये वरून खाली आणलं, तर धक्क्यावर ती माझ्यापुढे चालत होती.

तर, ओसाकातल्या उमेदा स्टेशनाहून हांक्यू या खासगी रेल्वेच्या गाडीने अर्ध्या तासात कोबेचं मुख्य स्टेशन, सान्नोमिया. तिथून मेट्रोचं एकच स्टेशन, शिन-कोबे. सामान असेल तर सान्नोमियालाच लॉकरमध्ये टाका. बुलेट ट्रेनच्या या स्टेशनामागूनच नुनोबिकी धबधब्याची वाट निघते. दहा-पंधरा मिनिटांत गाड्यांचा आवाज मागे पडतो आणि समोर ४३ मीटरवरून कोसळणारा ओन्ताकी धबधबा दिसतो. वाट बांधीव आहे, पण पायऱ्या आहेत. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर हा भाग सरळ गाळा, जीव काढून जाऊ नका. या डोंगराच्या पाण्याची एकेकाळी खलाशांमध्ये ख्याती होती. कोबेचं पाणी विषुववृत्त ओलांडलं तरी खराब होत नाही, असं म्हणायचे.

तिथून कितानो. १८६८ साली बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं आणि पुढे परदेशी व्यापाऱ्यांनी या उतारावर घरं बांधली. बहुतेक घरांना तिकीट आहे. सगळ्यांचं एकत्र तिकीट घेऊ नका, तिसऱ्या घरानंतर त्याच खुर्च्या आणि तीच झुंबरं दिसायला लागतात. एकच बघायचं तर फिकट हिरवं मोएगी घर बघा. १९०३ सालचं, अमेरिकन वाणिज्यदूताचं. १९९५च्या भूकंपात त्याचं विटांचं धुराडं खाली कोसळलं, ते अंगणात तसंच ठेवलंय. आई त्या विटांपाशी बराच वेळ उभी होती. किल्लारीनंतर तिची शाळा मदतीचे कपडे गोळा करत होती, ते तिला आठवलं.

कितानोतच संगमरवरी जैन मंदिर आहे, १९८५चं. आई-बाबांना तिथे नक्की न्या. इथे आपली माणसं आली कशी, तर कापसामुळे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने एका जपानी कंपनीने मुंबईची बोट सुरू केली आणि मुंबईचा कापूस जपानच्या गिरण्यांना जाऊ लागला. पुढे १९२३च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथले बरेच भारतीय व्यापारी कोबेला आले. थोडं खाली उतरलात की १९३५ची मशीद लागते, जपानमधली पहिली. तिच्या उभारणीतही भारतीय व्यापाऱ्यांचा पैसा होता. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बहल्ले आणि १९९५चा भूकंप, दोन्हींतून ती उभी राहिली.

जेवण इथेच उरकून घ्या. कितानो आणि सान्नोमियाच्या मध्ये भारतीय उपाहारगृहं बरीच आहेत. खाली नानकिनमाचीत, म्हणजे चिनी बाजारात, वाफेचा घमघमाट सुटलेला असतो, पण तिथल्या वाफवलेल्या पावांत बहुतेक डुकराचं मांस असतं. ‘भाजीचं’ म्हणून सांगितलेल्या सूपमध्ये किंवा नूडल्समध्येही माशाचं पाणी, ‘दाशी’, असू शकतं, त्यामुळे फक्त “नो मीट” म्हणून भागत नाही. आई-बाबा कडक शाकाहारी असतील तर पाठीवरच्या पिशवीत दशम्या ठेवा. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवीही असू द्या, रस्त्यावर कचराकुंडी शोधून सापडत नाही.

वाटेत इकुता देवस्थान आहे. त्याच्या सेवेकरी घराण्यांना ‘कानबे’ म्हणत, त्यावरूनच कोबे नाव पडलं. मागच्या झाडीत दहा मिनिटं बसा, पायांना विसावा मिळतो. मग मोतोमाचीच्या छप्पर असलेल्या बाजारातून समुद्राकडे.

शेवटचा दीड तास मेरिकेन पार्कसाठी राखून ठेवा. ‘मेरिकेन’ म्हणजे ‘अमेरिकन’चाच जपानी उच्चार. बहुतेक लोक ‘बी कोबे’च्या मोठ्या अक्षरांपुढे फोटो काढतात आणि परततात. तुम्ही तिथून जरा बाजूला जा. धक्क्याचा साठेक मीटरचा तुकडा भूकंपानंतर होता तसाच ठेवलाय. फरशा उचकटलेल्या, काँक्रीट दुभंगलेलं, दिव्यांचे खांब समुद्राकडे कललेले, आणि त्या भेगांतून पाणी आत-बाहेर करतं. १७ जानेवारी १९९५, पहाटे ५.४६. माणसं गेली ६,४३४. दिवसभर तुम्ही ज्या रस्त्यांवरून उतरलात त्यातलं किती पुन्हा उभारलेलं आहे, ते इथे उभं राहिल्यावर कळतं. म्हणून ही जागा मी सुरुवातीला दाखवत नाही.

अंधार पडला की १०८ मीटरचा लाल पोर्ट टॉवर उजळतो. तो खालूनच बघा, धक्क्यावरच्या बाकावर बसून. परतीला मोतोमाची स्टेशन पंधरा मिनिटांवर आहे, तिथून ओसाकाला थेट गाडी मिळते.

सगळं मिळून चाल पाच-सहा किलोमीटरची होईल. कोणत्या महिन्यात येताय आणि बाबांना पायऱ्या कितपत झेपतात ते कळवा, त्याप्रमाणे धबधबा ठेवायचा की नाही ते सांगतो.